न रडणारं लेकरू

धाकटी बहीण सोळाव्या वर्षी तापानं गेली. दहावा झाल्यावर चेअरमन भेटायला आले. ते आता गावच्या सोसायटीचे चेअरमन. बहात्तरच्या दुष्काळात येडशीकडच्या रस्त्याच्या कामावर आमच्या टोळीचे मुकादम होते.

तेव्हा बहीण तान्ही होती आणि आईला दूध उतरत नव्हतं. लेकरं रडली की बायका खडी फोडायचं सोडून उठायच्या. म्हणून मुकादम औषधाच्या बाटलीतून हातभट्टीची दारू आणून द्यायचे. "करंगळी बुडवून चोखू द्या. कामाचा खोळंबा न्हाय." आई करंगळी बुडवायची. बहीण दुपारभर झोळीत निपचित. बायका म्हणायच्या, "तुझं लेकरू लई गुणाचं गं!" आईला ते ऐकून बरं वाटायचं.

ती उशिरा चालली, उशिरा बोलली. आज गिरवलेलं अक्षर उद्या तिला अनोळखी. मीठ आणायला धाडलं तर दुकानासमोर उभी राहून रडायची, काय आणायचं ते आठवत नसे. पोरं "येडी आली" म्हणून मागं लागायची. गावानं कारण ठरवून टाकलं: पोटुशी असताना आईनं गिराण, म्हणजे ग्रहण, पाळलं नाही.

"म्या त्या दिशी सुईलासुदिक हात लावला न्हाय," आई सांगायची. कुणी ऐकलं नाही. आजीनंही नाही.

पुढं मी शिक्षिका झाले. एका पुस्तकात वाचलं, की जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदू झपाट्यानं वाढतो, आणि तेव्हा पोटात गेलेली दारू त्याला कायमची इजा करू शकते. उमरग्याच्या डॉक्टरांना विचारलं. "दारू असेल, उपासमार असेल, दोन्ही असेल," ते म्हणाले. घरी मी हे कधीच बोलले नाही. करंगळी आईची होती.

चेअरमन बाजेवर टेकले. चहा घेता घेता म्हणाले, "सोडा वहिनी. पोरगी जल्मापासनंच तसली. गिराणापुढं कुणाचं चालतंय?"

आई ताडकन उठली. "ही शिकलेली हाय, हिलाच इचारा. सांग गं, गिराणानं व्हतंय का आसं?"

"नाही होत."

"ऐकलं का!" आईचा आवाज फुटला. "म्या काय सांगत व्हते समद्यास्नी?"

"मंग कशानं?" त्यांनी मला विचारलं. त्यांना खरोखरच काही आठवत नव्हतं.

मी आईकडं पाहिलं. ती रडत होती, पण मान ताठ होती.

"उपासमारीनं," मी म्हणाले.

"बराबर. दुष्काळच तसला व्हता," ते म्हणाले, आणि अजून थोडा चहा मागितला.