गच्चीच्या दाराचं कुलूप

पाथर्डी फाट्याच्या अलीकडे एका कॉलनीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा गच्चीच्या दाराला नुसती कडी होती. तिसरा म्हणजे शेवटचा मजला. आमच्या दारासमोरूनच पायऱ्या वर जायच्या. गच्चीवर कोण गेलं, कोण आलं, ते मला स्वयंपाकघरात बसून चपलांच्या आवाजावरून कळायचं.

सगळ्यांत जास्त वर जायची ती दुसऱ्या मजल्यावरची एक बाई. वणीजवळच्या खेड्यातली. तिचा नवरा तिकडे दिंडोरीच्या बाजूला द्राक्षाची बाग बघायचा आणि आठवड्यातून एकदा यायचा. मुलीला बारावीचे क्लास लावायचे म्हणून मायलेकी शहरात येऊन राहिल्या होत्या. बिल्डिंगमध्ये सगळे तिला वणीवालीच म्हणायचे. तिला शहरातलं काहीच आवडत नव्हतं, फक्त गच्ची आवडायची. उन्हाळ्यात ती वर कुरडया, पापड, सांडगे घालायची. बाकीच्या दिवसांत काही नसेल तर नुसतीच जाऊन बसायची.

"ताई, घरात जीव कोंडतो," ती म्हणायची. "वर गेलं की जरा मोकळं वाटतं. तिथून आमच्याकडचे डोंगर दिसत्यात."

खरं तर आमच्या गच्चीवरून पांडवलेण्याचा डोंगर दिसायचा, वणीचा नाही. पण मी कधी तिला तसं म्हटलं नाही.

मग कॉलनीत घरफोड्या सुरू झाल्या. आमच्या मागच्या गल्लीत भरदुपारी एक फ्लॅट फोडला. चोर शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून उतरले होते म्हणे. दोन-तीन मोटारसायकली गेल्या. आमच्या चेअरमनच्या बायकोचं मंगळसूत्र तर जॉगिंग ट्रॅकवरून घरी येताना तिच्या गळ्यातून ओढून नेलं. ती पडली, हनुवटीला टाके पडले. चेअरमन रेल्वेतून रिटायर झालेले, सगळी नोकरी इगतपुरीला काढलेले गृहस्थ. तळमजल्यावर राहायचे. पाण्याचा टँकर, ड्रेनेज, लिफ्टसाठी कधी न संपणारी चर्चा, सगळं तेच अंगावर घ्यायचे. बायको पडल्यापासून ते पार बदलले. रस्त्यावरून अनोळखी माणूस गेला तरी गेटपाशी येऊन उभे राहायचे.

त्याच सुमारास फोनवरच्या ग्रुपमध्ये सावधानतेचे मेसेज यायला लागले. पहिले काही खरे होते. पोलिसांची गाडी भोंगा लावून फिरून गेली होती, त्याच सूचना कुणीतरी टाइप करून टाकल्या होत्या. गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगा, दागिने घालून फिरू नका, अनोळखी माणसाला आत घेऊ नका. मग कुठल्या कुठल्या शहरांतले व्हिडिओ यायला लागले. अंगाला तेल लावलेले चोर, चादरी विकायच्या निमित्ताने येणाऱ्या बायका, भिंतीवर खडूने केलेल्या खुणा. सकाळी उठून फोन बघितला की मी आधी दाराची कडी तपासायचे. माझे मिस्टर अंबडला कंपनीत, सकाळी जाऊन संध्याकाळी येणारे. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, त्या पलंगावरून उठू शकत नव्हत्या. दिवसभर घरात आम्ही दोघीच. दाराची बेल वाजली की मी आधी साखळी लावायचे आणि मग उघडायचे.

पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून मिटिंग झाली. नियम ठरले. मोटारसायकली, स्कूटर कुणी बाहेर लावायच्या नाहीत, सगळ्या आत जिन्याखाली. प्रत्येकाने खिडक्यांना आणि गॅलरीला ग्रिल बसवून घ्यायचं. आणि गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली चेअरमनकडे.

वणीवाली मागे उभी होती. तिने विचारलं, "मग वाळवण कुठं घालायचं?"

काही जण हसले. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "बाई, चोर पापड खायला येत नाहीत." पुन्हा हशा झाला. चेअरमन मात्र हसले नाहीत. त्यांनी तिला नीट समजावलं. "अहो, तुमच्याच भल्यासाठी आहे. तुमची तरणी मुलगी घरात एकटी असते. उन्हाळ्यात लागेल तेव्हा किल्ली मागा, मी स्वतः उघडून देईन."

ती "बरं" म्हणाली. कुणीच विरोध केला नाही. विरोध करावा असं त्यात काही दिसतही नव्हतं. आम्ही गॅलरीला वरपासून खालपर्यंत पेटीसारखं ग्रिल करून घेतलं. त्यात उघडणारी खिडकी ठेवायची का, असं फॅब्रिकेशनवाल्याने विचारलं होतं. "तिथूनच तर चोर येतात," मिस्टर म्हणाले. कुलूप लागलं तेव्हापासून आमच्या दारासमोरच्या पायऱ्यांवर चपलांचा आवाज थांबला.

ते थंडीचे दिवस होते. सकाळची कामं आटोपली होती. बिल्डिंगमधली कामाला जाणारी माणसं गेली होती, मुलं शाळा-कॉलेजात. मी सासूबाईंना पेज भरवत होते. लाइट गेले. टीव्ही बंद पडला. असे लाइट नेहमीच जायचे, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग खालून फटाक्यासारखा एक आवाज आला आणि मागोमाग जळक्या रबराचा वास.

कुणीतरी दारावर थापा मारायला लागलं. बेल नव्हती ना, लाइट गेलेले.

"ताई! ओ ताई! दार उघडा!"

मी उघडलं. वणीवाली होती. तोंडाला पदर लावलेला, डोळ्यांतून पाणी. तिच्या मागे जिना दिसतच नव्हता. नुसता काळा धूर वर चढत होता, आणि त्यात खालून लाल उजेड हलत होता.

"खाली गाड्या पेटल्यात. खालून जाता येत नाय. वर चला, गच्चीवर मोकळं हाय. चला!"

"आई आहेत ना आत," मी म्हणाले. "त्यांना कसं नेऊ?"

तिने आत पाहिलं. एक पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलंही. तेवढ्यात धुराचा असा लोट आला की आम्ही दोघी खोकत सुटलो. तिने मला मागे ढकललं. "दार लावा. मी वरून हाका मारते कुणाला तरी. बोलावते माणसं," असं म्हणाली आणि वळली. मी दार लावलं. तिची पावलं वर जाताना मी ऐकली. धावत जाणारी, भराभर. मला बरं वाटलं. ती तरी सुटली, असं माझ्या मनात आलं. ती वरून ओरडेल, लोक येतील. कुलपाची आठवण मला त्या क्षणी झाली नाही. तिलाही झाली नसेल. इतके दिवस ती त्याच पायऱ्यांनी मोकळ्यात जात आली होती.

दाराच्या फटींतून धूर आत यायला लागला. मी चादरी बादलीत बुडवून उंबऱ्याशी कोंबल्या. सासूबाईंचा पलंग एकटीला हलेना, म्हणून त्यांना गादीसकट खाली ओढलं आणि फरफटत गॅलरीत नेलं. त्या कण्हत होत्या. खोली काळवंडली तशा म्हणाल्या, "संध्याकाळ झाली का गं? दिवा लाव."

गॅलरीत आलो तर समोर ग्रिल. खाली लोक जमले होते, वर बघून हात हलवत होते. मी गजांना धरून ओरडत होते. हाताने हलवून बघत होते, जसं काही ते हलणार होते. समोरच्या बिल्डिंगमधला एक जण ओरडला, "ग्रिल उघडा, काकू, ग्रिल उघडा!" काय उघडणार? आपण पैसे देऊन, माप देऊन, उघडू नये असंच करून घेतलं होतं.

अग्निशमनची गाडी आली. शिडी लावून एक जवान आमच्या गॅलरीपर्यंत चढला. त्याचा चेहरा ग्रिलच्या पलीकडे, माझ्यापासून हातभर अंतरावर. "काकू, दार अजिबात उघडू नका. आजींचं तोंड गजांना लावा. तुम्ही पण. इथलीच हवा घ्या."

"वर एक बाई गेली आहे," मी म्हणाले. "गच्चीवर."

त्याने मान वर करून पाहिलं. शिडीवरून गच्चीचा कठडा दिसत होता. "गच्चीवर कुणी नाही, काकू," तो म्हणाला.

तेव्हा मला कुलूप आठवलं.

मी त्याला सांगितलं. त्याने खाली बघून ओरडून सांगितलं. खाली पाण्याचा मारा चालू होता, मास्क लावलेले जवान आत शिरत होते. थोड्या वेळाने आमच्या डोक्यावर, जिन्याच्या वरच्या टोकाला, घणाचे घाव ऐकू यायला लागले. लोखंडावर लोखंड. एका घावानंतर कडकन आवाज झाला आणि दार आपटलं. त्यानंतर जिन्यातला सगळा धूर वरच्या वर ओढला गेला, चुलीचं धुराडं मोकळं व्हावं तसा. आमच्या घरातलासुद्धा पातळ झाला. दार उघडं असतं तर काय झालं असतं, ते मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

ती दाराशीच होती. तिला चादरीत घेऊन आमच्या दारासमोरून खाली नेलं. मी उंबऱ्यात उभी होते. तिचा हात बाहेर लोंबत होता. तळहात आणि मनगट सोललं होतं. सिव्हिलला नेलं, पण तिच्यात काही उरलं नव्हतं.

मीटरच्या बोर्डात शॉर्टसर्किट झालं आणि ठिणगी जिन्याखालच्या गाड्यांवर पडली, असा पंचनामा झाला. त्या गाड्या तिथे चोरीच्या भीतीने आणल्या होत्या.

चेअरमन त्या दिवशी पेन्शनच्या कामासाठी इगतपुरीला गेले होते. संध्याकाळी आले ते सरळ पोलीस चौकीत. पुढे काही दिवस त्यांना सारखं बोलावणं येत राहिलं. बिल्डिंगमधले लोक आधी दबक्या आवाजात, मग उघड म्हणायला लागले, की किल्ली स्वतःकडे ठेवायचा हट्ट त्यांचाच होता. मिटिंगमध्ये आम्ही सगळे बसलो होतो, हे कुणाला आठवत नव्हतं. एका सकाळी ते आमच्याकडे आले. आत बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"वहिनी, किल्ली माझ्या खिशात होती," ते म्हणाले. "गाडीत बसलो होतो मी, खिडकीशी. कुणाला देऊन गेलो असतो तर? मंडळीकडे जरी दिली असती..."

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?" मिस्टर म्हणाले.

"मुद्दाम नाही हो. पण केलं तर मीच ना?"

मिस्टरांनी त्यांना पाणी दिलं. त्यांनी भांडं हातात धरलं आणि तसंच परत दिलं. वर्षाच्या आत त्यांनी फ्लॅट विकला आणि मुलाकडे गेले.

गच्चीचं दार त्यानंतर बरेच दिवस मोडकंच होतं. वाऱ्याने रात्रंदिवस आपटायचं. शेवटी मिस्टरांनी सुतार आणून आतून सरकवायची कडी बसवली. गॅलरीच्या ग्रिलला आम्ही खिडकी कापून घेतली, आणखी दोघा-तिघांनी घेतली. बाकीच्यांनी नाही. ग्रुपवरचे मेसेज थांबले नाहीत. उन्हाळा लागता लागता पुन्हा कुणीतरी लिहिलं, की शेजारच्या कॉलनीत चोर गच्चीवरून उतरले, आपणही विचार करायला हवा. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या ग्रुपमध्ये लिहिलं. एवढंच, की कुलूप लावायचं असेल तर आधी माझ्या घरी येऊन माझ्यासमोर बोला. कुणी आलं नाही. पण जिन्यात भेटलं की काही जण नजर चुकवायला लागले. सासूबाई त्या धुरानंतर खोकतच राहिल्या आणि पावसाळ्यात गेल्या. त्यांच्या मयताला बिल्डिंगमधले सगळे आले. चांगली माणसं आहेत, असंच कुणीही म्हणेल.

वणीवालीच्या मुलीची बारावीची परीक्षा झाली, ती कशी दिली तिचं तिला माहीत. पुढे ती नर्सिंगला गेली असं कळलं. एक दिवस बापलेक टेम्पो घेऊन सामान न्यायला आले. वडील खाली दोऱ्या बांधत होते. मुलगी वर आली. आमच्या दारासमोर थांबली, पण आत बघण्याआधी तिने वरच्या पायऱ्यांकडे पाहिलं. भिंतींना नवा रंग दिला होता, तरी कोपऱ्यांत काळं राहिलंच होतं.

मी तिला आत घेतलं. ती खुर्चीच्या काठावर बसली.

"काकू, आई तुमच्याकडे आली होती ना?"

"हो."

"काय म्हणाली?"

मी सांगितलं. जसंच्या तसं, तिच्याच शब्दांत. वर चला, गच्चीवर मोकळं हाय. आणि मग, दार लावा, मी माणसं बोलावते.

मुलगी खाली बघत ऐकत होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"तुम्ही हाक मारलेली ऐकली का नंतर? वरून?"

"नाही गं," मी म्हणाले. "मी आईंना ओढत होते. काहीच ऐकू आलं नाही."

हे खरं होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघताना मला वाटलं, खोटं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? ऐकली म्हणून सांगायचं. पण काय ऐकलं, असं तिने विचारलं असतं तर?

मी चहा टाकायला उठले तर ती "नको" म्हणाली. खालून वडिलांची हाक आली. ती उठली, वाकून मला नमस्कार केला. दारात चपला घालताना तिने भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

आपल्याकडे निघताना कुणी जाते म्हणत नाही, येते म्हणतात. लहान पोरांनाही आपण तेवढं शिकवतो. ती पायऱ्या उतरायला लागली, मधेच वळून वर पाहिलं आणि म्हणाली, "जाते, काकू."

मीही तिला टोकलं नाही. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, तशी मी गॅलरीत गेले. ती मागे सामानात बसली होती, आईच्या पापडाच्या पाटाला टेकून, आणि बिल्डिंगकडे तिची पाठ होती.