पार्किंगमधला नकाशा

मी शिकवतो त्या दिलसुखनगरच्या क्लासमध्ये खडूचा नवा खोका उघडला, की त्या कोरड्या वासाने मला कुकटपल्लीतली एक संध्याकाळ आठवते. आई गेल्यावर बाबा आमच्या फ्लॅटवर राहायला आले होते. हैदराबादेत जन्मभर त्यांनी भूगोल शिकवला, पण बालपण मराठवाड्यातल्या एका लहानशा गावात गेलेलं. त्या दिवशी मी क्लासवरून परतलो, तर बाबा पार्किंगमध्ये उकिडवे बसून जमिनीवर खडूने नकाशा काढत होते. वॉचमनने सहज विचारलं होतं, "साब, तुम्हारा गाँव किधर पडता?" बाबा त्याला रंगून सांगत होते, "निजाम के जमाने में गोरे साबलोगां पटरी डाले, तब जाके बस्ती बढी. ये स्टेशन, ये कपास की जिनिंग." येणारे-जाणारे थांबून बघत होते. मला लाज वाटली. "बाबा, वर चला." "थांब रे, नदी राहिलीय अजून." मी त्यांना दंडाला धरून उठवलंच. लिफ्टमध्ये ते हातावरचा खडू झटकत राहिले. पुढे त्यांनी गावाचा विषय काढला नाही आणि मीही विचारलं नाही. यंदा, त्यांच्या माघारी, मी एकटाच तिथे गेलो. स्टेशनबाहेर बराच वेळ उभा होतो. त्यांचं घर रुळांच्या अलीकडे होतं की पलीकडे, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.