शीलाच्या मुठीतला कापूस

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही, बायकोलाही नाही. इथं नाव न देता लिहिता येतं, म्हणून लिहून राहिलो.

आधीच सांगतो — भूतखेत, करणी यावर माझा विश्वास कधीच नव्हता. आमचं घर बौद्ध, वडील मास्तर. अंगारे-धुपारे घरात चालत नव्हते. मी चौपन्न वर्षांचा, नांदेडला सरकारी ऑफिसात क्लार्क.

गाव हिमायतनगर तालुक्यात. कापूस निघाला की भाव येईस्तोवर मधल्या खोलीत भरून ठेवायचा, पार आढ्यापर्यंत. लेकरांनी त्यावर चढायचं नाही. चढलं की मार ठरलेला.

मी तेव्हा दहाचा, बहीण शीला साडेतीनची. वडील शाळेत, माय वेचणीला. दुपारी मी ढिगात खड्डा केला, तिला आत बसवलं आणि वरून कापूस लोटला. म्हणालो, "मी आवाज देईस्तोर बोलायचं न्हाई. बोललीस की हारलीस."

तेवढ्यात बाहेर पोरं ओरडली — रस्त्यावर रोलर आलाय. गावात पहिल्यांदाच. शेळी आत शिरू नये म्हणून मी दार ओढून घेतलं आणि पळालो. खरं सांगतो, शीलाला विसरलोच.

परत आलो तेव्हा उन्हं उतरली होती. माय तिला गल्लीभर शोधत होती. मला विचारलं तर माराच्या भीतीनं म्हणालो, मला काय माहीत. माय विहिरीकडं धावली, तेव्हा मी आत जाऊन शीलाला उपसून काढलं. ठरल्याप्रमाणं मी आवाज दिलाच नाही. डोळे उघडे, नाकातोंडाशी कापूस... माय आल्यावर सांगितलं की आपली आपणच घुसली असंल, मला सापडली. सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं.

शीला दोन महिने बोलली नाही. वडिलांना चोरून माय तिला दर्ग्यात नेत होती.

आता ती लातूरला असते, शिक्षिका आहे. बाथरूमची कडी लावत नाही. डोक्यावरून घालायचा स्वेटर नको, थंडीत पांघरूण नको. दाजी चेष्टा करायचे, "आमच्या मॅडम अख्ख्या शाळेला धाकात ठेवतेत अन् रजईला भेतेत." दोन वर्षांपूर्वी तिचा श्वास कोंडायला लागला, तेव्हा चेष्टा थांबली. हृदयाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरांनी विचारलं की लहानपणी काही घडलं होतं का. आठवत नसलं तरी असलं काही माणसाच्या आत राहतं म्हणे. मोठा भाऊ म्हणून मला लातूरला बोलावून घेतलं.

मी तेच जुनं सांगितलं. आपणच घुसली होती. शीला डॉक्टरांना म्हणाली, "दादा होता म्हणून वाचले." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

तिथून शीलाच्या घरी आलो. दुपारचे दोन वाजले असतील. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दाजी खाली दूध आणायला गेलेले. शीला चहा ठेवता ठेवता खाली बसली आणि तिचा श्वास अडकला. मी गॅस बंद करून तिला धरलं. उजवी मूठ घट्ट आवळलेली. मी बोटं सोडवली...

आत कापूस होता. दुकानातला पांढराशुभ्र नाही — सरकीसकट, वाळल्या पाल्याचा चुरा चिकटलेला, ओलसर. आमच्या खोलीत भरायचा तसला.

माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "दादा, मी बोलले न्हाई. अजून बोलले न्हाई."

गावाकडची ही बोली तिनं शिक्षिका झाल्यापासून सोडलीय. आणि ती अट फक्त आम्हा दोघांतली होती.

पाच मिनिटांत ती सावरली. बोललेलं काही आठवत नव्हतं. हातातला कापूस बघून म्हणाली, "हे कुठून आलं रे?" मी म्हणालो, माझ्या बॅगेला लागून आला असंल. आणखी एक खोटं. माझी शेती विकून बारा वर्षं झालीत.

तिचं बोलणं डॉक्टर समजावून सांगतील. मेंदूत कुठंतरी राहिलं असेल. कापसाचं काय? घरातल्या उशा मी दाबून बघितल्या, सगळ्या फोमच्या. मला काहीच सांगता येत नाही. तो कापूस माझ्या चष्म्याच्या डबीत आहे.

शीला अजून मला वाचवणारा समजते. मी आवाज देईन म्हणालो होतो. तो आवाज अजून द्यायचा आहे.