हृदयाच्या तासाला बाहेर

आमच्या घरी मांस शिजत नाही हे तर झालंच, पण आमच्या गल्लीतून खाटकाच्या दुकानाकडे जाणारा रस्ताही आम्ही बायका टाळतो. आम्ही महानुभाव. लग्न होऊन आले तेव्हा मला यातलं फार काही ठाऊक नव्हतं. सासूनं हळूहळू वळण लावलं. कोणाच्या जिवाला दुखवायचं नाही, दुसऱ्या देवाचा प्रसाद तोंडात घालायचा नाही, सकाळी स्मरण केल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. वाचायलाही मी त्याच घरात शिकले, पोथीवर बोट ठेवून, सासूच्या तोंडाकडे बघत. शाळेत मी एक दिवस बसले नाही. म्हणून शाळेबद्दल मला आदर जरा जास्तच आहे. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल, शाळा वाईट आणि ही म्हातारी चांगली. तसं नव्हतं. त्यात वाईट कोणीच नव्हतं, म्हणून तर जड गेलं.

तेलुगू मुलखात, गुडीहत्नूरच्या अलीकडे आमची वावरं आहेत. त्यातल्या विहिरीजवळच्या तुकड्यात मी वांगी, मेथी, चवळी काढते आणि शाळेच्या दुपारच्या जेवणाला भाजी देते. नात त्याच शाळेत, दहावीला. पुस्तकं इंग्रजीत, समजावणं तेलुगूत आणि पोरींचं आपसातलं भांडण मराठीत, अशी ती शाळा. दिवाळी होऊन गेली होती. सून तिच्या आईच्या आजारपणात माहेरी गेली होती. घरात मी, मुलगा आणि नात.

एका संध्याकाळी मी वांगी तोडत होते, तर ही आली आणि नुसतीच बांधावर बसली. दप्तर पाठीवर तसंच.

"काऊन वो, पाय दुखते का?"

"आजी, सोमवारी बकऱ्याचं हृदय न्यायचं हाय."

"कोणाचं?"

"बकऱ्याचं. गटागटानं आणायचं, कापून पाह्यचं, मंग चित्र काढायचं. मॅडमनं चिठ्ठ्या टाकल्या. आमच्या गटात आणायची पाळी माह्यावर आली."

मी वांगं हातात धरून तशीच उभी. आता बघा, माझ्या नातीला नर्स व्हायचं होतं. लहानपणापासून एकच हेका. घरात कोणाला खरचटलं तरी ही चिंधी आणि हळद घेऊन हजर. त्या पोरीला हृदय कसं असतं ते बघायचं नसेल, असं कसं म्हणू? पण तिचा चेहरा बघितला तर पोरगी पांढरी पडलेली.

"तू मॅडमले काही बोलली का?"

"नाई. सगळे हसले असते."

रात्रीच्या जेवणाला मुलाला सांगितलं. तो बोथ गावच्या तहसिलात कारकून आहे. दिवसभर लोकांच्या अर्ज्या बघून त्याला घरातली गोष्टही अर्जीसारखीच दिसते.

"माय, त्याले शाळेतले मार्क राहतात. बोर्डात जुळतात," तो म्हणाला. "अन् हिले नर्सिंगले घालायचं हाय. तिथं काय म्हणशील? आमच्या पंथात रगत चालत नाही, जरा सूट द्या?"

"दवाखान्यातलं रगत वेगळं," पोरगी पहिल्यांदा बोलली.

"रगत वेगळं कसं असन? लाल नसते का?"

ती ताटावरून उठली नाही, आमच्याकडे अन्नावरून उठत नाहीत. पण घास पुढे गेला नाही. मी ठरवलं, आपण जायचं आणि मॅडमला विचारायचं.

विज्ञानाच्या मॅडम करीमनगरकडच्या. वय कोवळं, आवाज मोठा. मी भाजीची टोपली उतरवली आणि पदरानं हात पुसत त्यांच्यापुढे गेले. मराठी त्यांना थोडी येते, मला तेलुगू थोडी येते, बाकीचं आम्ही हिंदीत भागवतो. मी म्हणाले, मॅडम, आमचा पंथ असा आहे, आमच्या मुलीला हे कापायला लावू नका. मला वाटलं, आता वाद होणार. घरून निघताना मी चार उत्तरं पाठ करून ठेवली होती. तर त्या म्हणाल्या, "ठीक है अम्मा. मत काटने दो. किताब से चित्र निकाल लेगी. मार्क मैं देती."

झालं. माझी चारही उत्तरं पोटातच राहिली. मी खूश. त्यांना दोन जुड्या मेथी जास्तीची दिली, आणि ती देताना मलाच कसंतरी वाटलं, म्हणून म्हणाले, "हे त्याच्यासाठी नाही हो." त्या हसल्या.

सोमवारी मी भाजी घेऊन गेले तेव्हा तो तास सुरू होता. वर्गात आधीच गोंधळ झालेला, तो मला स्वयंपाकाच्या बाईनं सांगितला. मॅडमनी विचारलं, कोणाला देवाधर्माची अडचण आहे का? तर अय्यप्पाची माळ घातलेले तिघे काळ्या कपड्यांत, अनवाणी उभे राहिले. ते खरंच होतं, त्यांचं व्रत चाललं होतं. त्यांच्यामागून एकीचा उपास निघाला. एकाच्या घरी सत्यनारायण निघाला. शेवटी ज्याच्या बापाचं मटणाचं दुकान, ज्यानं सगळ्या गटांना हृदयं आणून दिली होती, तो पोरगा उठला आणि म्हणाला, "मॅडम, मले बी सुटी द्या. आमच्या घरी रोजच असते हे." वर्ग हसून हसून लोळला. मॅडम म्हणाल्या, "सब का भगवान आजच आया क्या?" पण मग जो जो उभा होता त्याला त्यांनी व्हरांड्यात पाठवलं. कोणाचं खरं, कोणाचं खोटं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारून तरी कसं कळणार?

मी व्हरांड्याच्या टोकाला टोपली घेऊन उभी राहिले. काळ्या कपड्यांतले तिघे मांडी घालून पुस्तकातलं चित्र उतरवत होते. सत्यनारायणवाला खडे फेकत होता. आणि माझी नात? ती खिडकीला चिकटलेली. गजांना दोन्ही हातांनी धरून, टाचा उचलून आत बघत होती. आत तिची मैत्रीण, तिच्याच गटातली, ताटलीत ते धरून उभी. नातीनं हळूच विचारलं, "जाड भिंत कोणत्या बाजूले हाय?" मैत्रिणीनं ताटली खिडकीकडे वळवली. "ही पाह्य. बोट घालू शकते, इतकी जाड." नात वहीत भराभरा काढत होती. पुस्तकाकडे तिनं बघितलंही नाही.

मला एकाच वेळी बरं वाटलं आणि धस्सही झालं. मी तिला बाहेर काढली होती आणि ती आत जायला तडफडत होती.

तेवढ्यात आतून दुसरी एक पोरगी आली. हात कोपरापर्यंत माखलेले. खिडकीशी थांबली आणि म्हणाली, "वा वो भगतीन! आमी रगतात हात घालावे अन् तू गजांतून पाहून चित्र काढावं! पाप आमचं, मार्क तुहे."

नातीनं गज सोडले. वही मिटली आणि काळ्या कपड्यांतल्या पोरांच्या शेजारी जाऊन बसली, भिंतीकडे तोंड करून.

मी ती टोपली घेऊन स्वयंपाकघरात गेले, चवळीच्या शेंगा मोजून दिल्या, परत आले, आणि खरं सांगते, त्या पोरीवर मला रागच आला नाही. तिनं जे म्हटलं ते माझ्या चार उत्तरांपैकी एकानंही खोडलं नसतं.

घरी आल्यावर नात म्हणाली, "आजी, मी पाह्यलं. पाह्यलं तं दोष लागते का?"

मला सांगता येईना. सासू असती तर चटकन बोलली असती. मी म्हणाले, "चाल, तपस्विनी आईले विचारू."

आमच्या गावाच्या शिवेवर पंथाचा छोटा आश्रम आहे. तिथं एक म्हाताऱ्या तपस्विनी राहतात, संसार केव्हाच सोडलेल्या. पांढरं लुगडं, तोंडात दात नाहीत आणि आवाज इतका बारीक की पुढे वाकून ऐकावा लागतो. आम्ही दंडवत केला, बसलो. मी सगळं सांगितलं, हृदयाचं, खिडकीचं, त्या पोरीच्या बोलण्याचं.

त्यांनी मला पहिलं विचारलं, "हिनं उपदेश घेतला का?"

उपदेश म्हणजे आमच्यात गुरूकडून पंथाची दीक्षा घेणं. तो घेतल्यावर नियम अंगाला लागतात.

"नाई आई. दहावी झाली का द्यायचा विचार हाये."

"मग मॅडमला तू काय सांगितलंस? धर्म आडवा येतो म्हणून? कोणाचा?"

"आमचा. घरचा."

मला खाली बघावंसं वाटलं. मग त्यांनी नातीकडे तोंड केलं. "तू सांग, बाई. तुला काय वाटतं?"

नात थोडा वेळ बोटांची नखं बघत बसली. मग म्हणाली, "पाहू वाटते. हात लावू वाटत नाई."

"घाण वाटते?"

"नाई."

"भीती?"

"थोडी. पण त्याच्यानं नाई." ती अडखळली. "बकरा तं मेला होता. मी कापलं काय अन् नाई कापलं काय, त्याले काही होणार नव्हतं. पण पातं घेतलं का माहा हात शिकन. नुसतं पाह्याले म्हणून कापणं शिकन. दवाखान्यात माणूस वाचवाले कापते, तिथं मी घेईन पातं. इथं घेऊ वाटत नाई."

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या घरात, माझ्या हाताखाली वाढलेली पोर, आणि हे तिच्या मनात होतं ते मला माहीत नव्हतं. मी पंथ सांगून आले होते. तिच्याजवळ तिचं स्वतःचं कारण होतं आणि ते मी विचारलंच नव्हतं.

तपस्विनी आई म्हणाल्या, "मग हे असंच मॅडमला सांग. आजीला पाठवू नको."

"अन् मार्क?" मी मध्येच विचारलं. तोंडातून निघून गेलं.

"मार्काचं मला काय विचारतेस गं?" त्या हसल्या, नुसत्या हिरड्या दिसल्या. "मी दुसरीतून पळालेली." मग हसू गेलं. "त्या दुसऱ्या पोरीचं मात्र हिनं बघावं. तिचं बोलणं खोटं नाही."

त्यानंतर काही दिवसांनी मूत्रपिंडाचा धडा आला. तेही बकऱ्याचंच आणायचं, कापायचं, चित्र काढायचं. या वेळी नात मला काही बोलली नाही. मी विचारलं नाही, पण भाजी द्यायची पाळी नसताना मी दोन गड्ड्या पालक घेऊन शाळेत गेले. आता हे वाचून हसा. घरी बसवलंच नाही मला.

मी पोचले तेव्हा तास संपत आला होता. नात वर्गात होती, व्हरांड्यात नाही. तिच्या गटाच्या मागे, हात पाठीशी बांधून उभी, मान पुढे काढून बघत होती. मॅडम मला बघून बाहेर आल्या.

"अम्मा, आपको पता है ना? वो खुद आई थी. बोली, मैं अंदर रहूँगी, काटूँगी नहीं, काटने के मार्क मत दो."

"मंग तुम्ही काय म्हटलं?"

"मैं बोली, चित्र के देती, काटने के नहीं देती. दूसरे बच्चों पर अन्याय होता ना." त्यांनी मागे वळून वर्गात बघितलं. "मैं तो पूरे देने वाली थी, अम्मा. वोच नहीं ली."

तास सुटला. पोरं नळाकडे धावली. नळाला त्या दिवशी धार बारीक होती, म्हणून बादली भरून ठेवलेली. नात बादलीशी उभी राहिली आणि तांब्यानं एकेकाच्या हातावर पाणी घालू लागली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पोरं हात चोळत होती, लाल पाणी मोरीत जात होतं. ती तोंड फिरवत नव्हती. खिडकीशी बोललेली ती पोरगी आली, दोन्ही हात पुढे केले.

"साबन दे ना वो, भगतीन."

नातीनं साबण दिला. "नखात राह्यलं हाये," ती म्हणाली, आणि पुन्हा पाणी घातलं. ती पोरगी नखं घासत राहिली. दोघी तशाच उभ्या होत्या, एक पाणी घालणारी, एक धुणारी, बाकीचे निघून गेले तरी.

त्या संध्याकाळी मुलाला कळलं. तो चहा पीत होता, कप खाली ठेवला.

"म्हणजे मॅडम देऊन राह्यल्या होत्या अन् हिनं नाई म्हटलं? हिले काय समजते? उद्या मी जातो अन् बोलतो. एका अर्जीचं काम हाय."

मलाही तेच वाटत होतं, हे लपवत नाही. मार्क तर मार्कच असतात. पोरीचं सगळं आयुष्य त्यावर. माझे पाय उठले होते, आपणही त्याच्याबरोबर जावं म्हणून. मी नातीकडे बघितलं. ती दिव्याखाली बसून मूत्रपिंडाचं चित्र पुन्हा काढत होती, आतल्या नळ्या एकेक करून. आमच्या बोलण्याकडे तिचं लक्ष होतं. पेन्सिल थांबली होती.

"नको जाऊ," मी मुलाला म्हटलं.

"माय, तुले समजत नाई..."

"नसन समजत. पण एकदा मी जाऊन बोलली, तेवढं पुरे झालं."

तो कप उचलून आत गेला. पेन्सिल पुन्हा चालू झाली.

दहावीचा निकाल अजून यायचा आहे. उपदेशाचा दिवस मी मनात धरून ठेवला होता, नवी साडीसुद्धा घेऊन ठेवली होती तिच्यासाठी. ती पेटीत आहे. तिला मी अजून विचारलं नाही. तिला वाटेल तेव्हा ती म्हणेल, आणि नाही म्हणाली तर साडी नुसती साडी म्हणूनही नेसता येते.