भिंतीचा ताप पाहणारे मामा

वसंतमामा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावत. माणसांची विचारपूस नंतर. चपला काढून आत आले की पश्चिमेच्या भिंतीवर पालथा हात टेकवायचा, आजारी पोराच्या कपाळावर टेकवतात तसा, आणि डोळे मिटून निकाल द्यायचा, "ताप हाये." अमरावतीत मी हौसेनं घर बांधलं, तेव्हा वास्तुशांतीच्या भर पंगतीत त्यांनी हेच केलं. वर म्हणाले, "सोयरीक करतानी घराणं पाहा लागते, अन् घर बांधतानी ऊन. तू नुसत्या खिडक्या पाहून भुलला." मी मान डोलावली आणि पश्चिमेच्या त्याच खिडकीखाली घाम पुसत वाढायला लागलो.

अकोल्याचा मे महिना ज्यानं काढला नाही, त्याला हा छंद कळायचा नाही. मामांनी तिथल्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर वसाहतीच्या सोसायटीचे अध्यक्ष झाले. एका उन्हाळ्यात सगळ्यांचे कूलर एकदम चालून वसाहतीची डीपी जळाली. लोक वीज कंपनीला शिव्या देत बसले. मामांनी सभा बोलावली आणि नेम करून घेतला. घर विकायचं असेल तर आधी अख्ख्या गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग आणि पश्चिमेच्या खिडकीला सावली. त्याशिवाय सोसायटीचा ना-हरकत दाखला नाही. विकणाऱ्यावरच काहून, असं शेजारच्या गावंडेबाईंनी विचारलं. मामा म्हणाले, "राहणाऱ्याले सांगून थकलो, बाई. इकणाऱ्याले तरी आपली सही लागते. तापलेलं घर दुसऱ्याच्या गळ्यात काहून बांधाचं?"

या नेमात पहिल्या सापडल्या त्या गावंडेबाईच. वसाहतीतलंच सासऱ्यांचं दुसरं घर विकताना गच्ची रंगवेपर्यंत त्यांचं गिऱ्हाईक हातचं गेलं. नंतर त्याच अध्यक्ष झाल्या, आणि नेम त्यांनी जसाच्या तसा ठेवला. कशाची तरी वाट पाहत असाव्यात.

कारण वसाहतीतली सगळ्यात काळी गच्ची खुद्द मामांची होती. गळती थांबवायला त्यांनी वर डांबरी शीट चिकटवली होती. सगळ्या गावाच्या भिंतींचा ताप पाहणारा हा माणूस स्वतःच्या घरी कूलरसमोरून हलत नसे. "मी कुठं घर इकून राहिलो?" एवढंच त्यांचं म्हणणं. मामीला मात्र ती गच्ची जीव की प्राण. काळ्यावर वाळलेली कुरडई कशी खणखण वाजते, हे ती प्रत्येक पाहुण्याला वाजवून दाखवायची.

मग मामीचे गुडघे गेले. अमरावतीत माझ्या मामेबहिणीच्या शेजारी तळमजल्याचं घर मिळत होतं, पण अकोल्याचं विकल्याशिवाय ते घेता येत नव्हतं. कृषी विद्यापीठातल्या एका तरुण जोडप्याला मामांचं घर आवडलं होतं. दुसरीकडचंही एक आवडलं होतं, आणि तिकडचा मालक त्याच आठवड्यात किल्ली द्यायला तयार होता. हे गेले तर पुढचं गिऱ्हाईक कधी, सांगता येत नव्हतं. गावंडेबाई सही करायला स्वतः घरी आल्या. रंगाचं जाऊ द्या, दाखला घ्या आणि मोकळे व्हा, म्हणाल्या. मामा कूलरसमोरून उठले.

"नेम माह्या पोटचा हाये, बाई. त्याचा गळा मीच दाबू?"

दुसऱ्या दिवशी मला फोन. "तुह्या हातून काम होत नाई, मले माहीत हाये. पण येऊन उभा तं राहाशीन." मी मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला पोचलो, खिडकीला हिरवी जाळी बांधताना स्टुलावरून एकदा पडलो आणि सकाळी उन्हाआधी रंगाचा डबा घेऊन वर गेलो. बघतो तर मामी आमच्याही आधी उठून, कठडा धरत कशीबशी वर आलेली. गच्चीच्या मधोमध साडी अंथरून तिनं कुरडया घातलेल्या. ओली कुरडई हलवली की मोडते. मामी हलवू देईना, मामा थांबेनात. शेवटी आम्ही साडी सोडून चहूबाजूंनी रंगवलं.

जोडपं आलं ते दुसऱ्या दिवशी, भर बारा वाजता. संध्याकाळी बोलवा, असं मी सुचवलं होतं. "पोरगी दाखवतानी दिवा काहून मालवाचा?" असं म्हणून मामांनी मला गप्प केलं. गावंडेबाईही पाहणीला आल्या. मामीनं नुकत्याच कुरडया टोपल्यात भरल्या होत्या आणि पांढऱ्या गच्चीवर साडीएवढा काळा तुकडा उघडा पडला होता. मामांचा चेहरा उतरला. नेमात "अख्खी गच्ची" असं त्यांनीच लिहवून घेतलं होतं.

जोडप्यातली ती मुलगी चपला काढून पांढऱ्यावरून आरामात चालत आली, बोलता बोलता काळ्यावर तिचा पाय पडला, आणि तिनं जी उडी मारली ती थेट नवऱ्याच्या पायावर. मग तीच हसायला लागली. खाली वाकून तिनं एक हात पांढऱ्यावर ठेवला, दुसरा काळ्यावर ठेवून झटकन उचलला.

"घर हेच घ्याचं," ती नवऱ्याला म्हणाली. मग मामांना, "पण काका, एवढा तुकडा काळाच राहू द्या. मलेही कुरडया कराच्या हायेत."

गावंडेबाईंचा क्षण आला होता. "आता कसं, सर? गिऱ्हाईक का नेम?"

मामांनी काळ्या तुकड्याकडे पाहिलं, टोपल्याकडे पाहिलं, मामीच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "नेम मोडत नाई मी," ते म्हणाले, "पण अर्धवट झाला होता. पुढच्या सभेत घाला, बाई. वाळवणाची जागा सोडून."

"हे आधी सुचलं असतं," मामी म्हणाली, "तं माहे एवढे उन्हाळे गारव्यात गेले असते."

सभेत तो बदल सगळ्यांच्या हसण्यात मंजूर झाला आणि दाखल्यावर गावंडेबाईंनी सही केली. निघायच्या दिवशी सामान गाडीत चढलं, मामी पुढे जाऊन बसली आणि मामा सापडेनात. आत गेलो, तर रिकाम्या खोलीत ते पश्चिमेच्या भिंतीशी उभे. त्या घरात राहून बहुधा पहिल्यांदाच त्यांनी तिच्यावर पालथा हात टेकवला होता. बाहेर ऊन रणरणत होतं. त्यांनी डोळे मिटले.

"उतरला," ते म्हणाले. "चाल, आता निंगाले हरकत नाई."