दुर्गच्या बेकरीची नानकटाई

आमच्या ओळीत आठ क्वार्टर होते आणि त्यांत मराठी बोलणारी घरं दोनच. एक आमचं, दुसरं शेजारच्या काकूंचं. दुर्गशेजारी भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा उभा राहत होता, मुलखामुलखातून माणसं आली होती, त्यामुळे बाकीच्या सहा घरांत तेलुगू, बंगाली, पंजाबी असं काय काय चालायचं. माझे बाबा फिटर होते. काकूंचे यजमान ऑफिसात मोठे क्लार्क, त्यांना सगळे साहेब म्हणायचे. आम्ही भंडाऱ्याकडचे, नुकतेच बौद्ध झालेले. काकू अमरावतीच्या, सोवळ्याओवळ्याच्या घरातल्या.

आईचं हिंदी 'पानी आया क्या' इथं सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं. काकूंची गतही तीच. मग करणार काय, दोन अंगणांमधल्या कमरेएवढ्या भिंतीला टेकून दोघी दिवसभर बोलायच्या. त्या भिंतीवरून सगळं इकडून तिकडे जायचं, सुईदोरा, उवांवरचं औषध, माझ्याबद्दलच्या तक्रारी. फक्त आमच्या घरी शिजलेलं जायचं नाही. काकूंनी तसं कधी तोंडानं म्हटलं नाही. त्या इतक्या गोड बोलायच्या की त्यांनी नाही म्हटलंय हे कळायलाच दोन दिवस लागायचे.

आईच्या डोक्यात नानकटाई शिरली ती बाबांमुळे. कारखान्यातली भट्टी खालून-वरून कशी सारखी तापवतात, हे बाबा जेवताना हातवारे करून सांगायचे. आईनं ते ऐकून घेतलं आणि जर्मनच्या मोठ्या पातेल्यात वाळू घातली. वाळूला तेव्हा भिलाईत तोटा नव्हता, दर दहा पावलांवर कुणाच्या तरी नव्या क्वार्टरसाठी ढीग पडलेला असायचा. ती तीनदा चाळली, धुतली, वाळवली. पातेलं कोळशाच्या शेगडीवर, वाळूवर ताटली, आणि झाकणावर निखारे. पहिल्या घाण्याची नानकटाई अशी निघाली की बाबांनी ती खिळा ठोकायला मागितली. दुसरा घाणा खालून काळा आणि वरून कच्चा. तिसरा घाणा तपासून बाबांनी, भट्टीला दम पुरत नाही, असा निकाल दिला. चौथ्याला मात्र तुपाचा आणि वेलचीचा असा वास सुटला की पलीकडच्या पंजाबी मावशी हातातलं विणकाम घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

आईनं सातही घरी ताटल्या पाठवल्या. पोचवायचं काम माझं. काकूंनी ताटली घेतली, किती छान दिसतायत म्हणाल्या आणि दार लोटलं. लोटलेल्या दारामागे काय चाललंय हे बघायची मला खोड आहे, आजही आहे. मी भिंतीआड दबा धरून बसले. थोड्या वेळानं काकू बाहेर आल्या आणि आमच्या नानकटाया कुंपणाबाहेरच्या गायीला एकेक करून भरवू लागल्या. ती गाय रोज जवळच्या कोहका गावाकडून चरत यायची. तिनं सहा खाल्ल्या आणि सातवीसाठी मान पुढे केली. गायीला चव होती, एवढं मी म्हणेन.

मला राग आला. रडूही आलं, पण राग जास्त. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि थापा मारण्यात विशीतली. दर आठवड्याला सायकलवर पत्र्याची पेटी बांधून एक बिस्किटवाला यायचा आणि काकू त्याच्याकडून डबा भरून टोस्ट घ्यायच्या. त्याच्या भट्टीवर कोण बसतं, पीठ कुणाच्या हातानं मळलं जातं, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. मी आमच्या डब्यात उरलेल्या आठ नानकटाया वर्तमानपत्राच्या पुडीत बांधल्या, वर दोरा गुंडाळला आणि काकूंच्या हातात दिल्या. म्हटलं, बाबांनी दुर्गच्या बेकरीतून आणल्यात. काकूंनी माझ्यासमोरच एक तोंडात टाकली. मग दुसरी. तिसरी डोळे मिटून खाल्ली. त्या दिवशी गायीला उपास घडला.

पण खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो बसायचा होता. काकूंना बेकरीचा पत्ता हवा होता. मी सांगितलं, स्टेशनच्या मागे. रविवारी साहेब सायकल हाणत दुर्गला गेले आणि हात हलवत परत आले. मग मी पत्त्यात एक कडुनिंब वाढवला आणि एक लाल दार वाढवलं. पुढच्या रविवारी साहेबांना लाल दार सापडलं, पण आत न्हावी बसला होता, तेव्हा साहेब केस कापून घरी आले. मी भिंतीआड बसून फ्रॉक तोंडात कोंबून हसले. शेवटी काकूच म्हणाल्या, जाऊ दे, आमच्या बाळाचा वाढदिवस आहे, सगळी ओळ येणार, तुझ्या बाबांनाच चाळीस नानकटाया आणायला सांग.

आता आईला सांगणं भाग होतं. मला वाटलं ती पोट धरून हसेल. गायीपासून न्हाव्यापर्यंत सगळं मी तिला रंगवून सांगितलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"गायीचं मले ठाऊक आहे," ती म्हणाली. "मीबी पाहिलं खिडकीतून. पण थे माह्या हातचं आहे, हे ठाऊक असूनच तिनं गायीले दिलं. अन् पुडीतलं कोनाचं खाल्लं? दुकानाचं. तू मले पुडीत लपवलं. कावून लपवलं? मी का चोर आहो?"

मी जिला काकूंची फजिती समजत होते ती आईची झाली होती. मला फार लाज वाटली, आणि मला लाज सहसा वाटत नाही.

आईनं चाळीस केल्या. वाढदिवसाच्या संध्याकाळी परातीत रचून, मला दंडाला धरून ती काकूंकडे निघाली. दारातच खरं काय ते सांगायचं, मग ज्याला खायचं त्यानं खावं, असा तिचा बेत होता. पण काकूंना धीर कुठला. आईनं तोंड उघडायच्या आत त्यांनी परातीतली एक उचलून तोंडात टाकली आणि जमलेल्या बायकांना हातानंच 'घ्या, घ्या' करू लागल्या.

"बाई, हे दुर्गचं नाही," आई म्हणाली. "माह्या हातचं आहे. मागचंबी माह्याच हातचं होतं. पोरगी खोटं बोलली."

नानकटाईत एक वाईट गुण आहे. लाडू असता तर गालात धरून विचार करता आला असता. नानकटाई कुणासाठी थांबत नाही, विरघळते. काकूंचे गाल हलायचे थांबले, डोळे मोठे झाले, आणि काय करावं हे ठरायच्या आत ती गळ्याखाली उतरलीसुद्धा. मग त्या आत गेल्या आणि मोरीतून चुळा भरल्याचा आवाज आला. पंजाबी मावशींना मराठी कळत नव्हतं, त्यांनी तेवढ्यात चार खाल्ल्या. आईनं परात तिथंच ठेवली आणि मला घेऊन घरी आली.

दुसऱ्या दिवसापासून भिंत ओस पडली. आई तिच्या बाजूला डाळ निवडायची, काकू त्यांच्या बाजूला, मधे शब्द नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं आई एकदा शेगडीलाच म्हणाली. बोलायला कुणी उरलं नाही म्हणून ती माझ्याशी बोलायला लागली, आणि याहून मोठी शिक्षा मला कुणी दिली नसती. काकूंचेही हाल होते. त्यांनी पंजाबी मावशींना कंबर दुखते हे हातवारे करून सांगितलं, तर मावशींनी त्यांना कौतुकानं नाचून दाखवलं. मी हसले नाही. आईला आत एकटीच बसलेली बघून माझं हसणंच आटलं होतं.

तीनेक आठवडे गेले आणि एका दुपारी आमचं मागचं दार वाजलं. गल्लीत काकू उभ्या होत्या, हातात मैद्यानं भरलेलं पातेलं. मागे-पुढे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "मला शिकवाल का हो?"

आई पाघळलीच होती, मी तिचे डोळे पाहिले. पण ती दारातून बाजूला झाली नाही.

"शिकवीन ना," ती म्हणाली. "पण समोरून या."

आणि तिनं दार हळूच लावून घेतलं.

समोरून यायचं म्हणजे काकूंनी आपल्या घरातून पुढच्या दारानं निघायचं आणि रस्त्यावरून आमच्या फाटकात शिरायचं. पंधरा पावलं असतील. पण थंडीचे दिवस होते आणि ओळीतल्या सगळ्या बायका अंगणात ऊन खात बसलेल्या. मी पुढच्या खिडकीला नाक लावून उभी राहिले. आईनं शेगडी पेटवली, वाळू तापत टाकली, आणि एकदाही पुढे येऊन पाहिलं नाही. वाळू तापली तरी काकूंचा पत्ता नव्हता. आई पातेलं उतरवायला निघाली होती, तेवढ्यात त्यांचं दार उघडलं. पातेलं दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्या रस्त्यावर आल्या. तेलुगू बाईंनी कुठे निघालात असं खुणेनंच विचारलं, तेव्हा काकू थांबल्या, आणि सगळ्या ओळीसमोर त्यांनी हनुवटीनं आमचं घर दाखवलं.

आमच्या स्वयंपाकघरात त्या शेगडीजवळ जमिनीवर बसल्या. दोघींनी मिळून पीठ मळलं. घाणा उतरला तशी आईनं एक नानकटाई उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि जरा निवू द्या म्हणाली. काकूंनी निवू दिली नाही. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी ती संपवली आणि आईपुढे पुन्हा हात पसरला.