हवं ते कॉलेज सातव्या नंबरावर

माझ्या बाबांना खरेदी करताना बघणं म्हणजे फुकटचं नाटक. पंपांचे आणि मोटारींचे जुने सुटे भाग विकत घ्यायचे, घासूनपुसून पुन्हा विकायचे, हा त्यांचा धंदा. भंगाराच्या ढिगात चांगलं बेअरिंग दिसलं की ते त्याच्याकडे चक्क पाठ फिरवतात. शेजारची गंजलेली पुली उचलतात, तिचं तोंडभर कौतुक करतात, भाव विचारतात, "छे, परवडत नाही" म्हणत चालू लागतात. दहा पावलांवरून परत येतात आणि उगीच विचारल्यासारखं विचारतात, "आणि हे बेअरिंग कसं दिलंत?"

"हवी ती वस्तू हवीय असं दाखवलंस की गेलीस बाराच्या भावात," हे त्यांनी मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं.

आमच्या घरात शाळा पूर्ण करणारी मी पहिली. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत मला चांगला नंबर मिळाला, तेव्हा शेजारचे वेल्डरकाका दुकानात येऊन म्हणाले, "पोरीनं नाव काढलं की!" बाबा एका कॉइलची तार उलगडत होते. मान वर न करता म्हणाले, "ठीक आहे. काही विशेष नाही." मी दोन दिवस त्यांच्याशी हो-नाहीपुरतंच बोलले.

आई कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर असते. तिचा हिशेब सरळ. "नुसती फी बघून भुलू नका. फी, राहणं, जेवण, तिन्ही मिळून झेपलं तर जायचं. नाहीतर हिनं यंदा दुकानात बसायचं." दुकानात बसायला माझी ना नव्हती, पण एकदा बसलेलं माणूस तिथून उठत नाही, हे मला बाबांकडे बघून ठाऊक होतं.

म्हणून आम्ही दोघं कॉलेजं बघायला निघालो. पहिल्या खाजगी कॉलेजात काचेचे दरवाजे होते. "वा, काय फरशी आहे!" बाबा काउंटरवरच्या बाईंना म्हणाले. त्यांनी लिफ्टची स्तुती केली, कुंड्यांची केली. वर्कशॉपमध्ये मात्र खाली वाकून बघितलं आणि माझ्या कानात म्हणाले, "मशीनवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. खाली लोखंडाचा कीस औषधालासुद्धा नाही."

सरकारी कॉलेजाच्या भिंतींचे पोपडे निघाले होते. वर्कशॉपमधली लेथ माझ्या आजोबांच्या वयाची, पण तेलपाणी केलेली, आणि खाली कीसच कीस. मुलंमुली काळे हात घेऊन काम करत होती. फी तर खाजगीच्या आठव्या हिश्शानं, वसतिगृह आवारातच. बाबांनी तोंड वाकडं केलं. "फारच जुनं आहे हो सगळं," ते तिथल्या मास्तरांना म्हणाले. मास्तर बिचारे ओशाळले. बाहेर आल्यावर बाबा हळूच म्हणाले, "हेच घ्यायचं. पोरी, चेहरा पाड."

मी चेहरा पाडला. तिथवर ठीक होतं. पंचाईत पुढे झाली.

फॉर्म भरायला आम्ही कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. सात कॉलेजं पसंतीच्या क्रमानं लिहायची होती. बाबा स्टूल ओढून बसले. "फरशीवालं एक नंबरला टाक. सरकारी सातव्या."

"बाबा, सगळ्यात हवं असलेलं पहिलं लिहायचं असतं. वरपासून बघत येतात, जिथे नंबर लागेल ते देतात."

"म्हणजे आपल्याला काय हवं ते त्यांना आधीच कळणार? आणि त्यांनी फी वाढवली म्हणजे?"

"तिथे माणूस नसतो, कॉम्प्युटर असतो."

"आणि कॉम्प्युटर काय देवानं ठेवलाय? मागे कुणीतरी धंदेवाला बसलेला असणारच."

फॉर्म पक्का करायचा ओटीपी बाबांच्या फोनवर येणार होता. फोन त्यांच्या खिशात, आणि खिशाला आईनं शिवलेलं मजबूत बटण. मी हरले.

तीन दिवसांनी तात्पुरती यादी लागली. मला पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं होतं. फरशीवालं! आईनं फी, राहणं, जेवण असं मोठ्यानं वाचलं आणि कागद पालथा ठेवला. मला रडू फुटलं. बाबा उठून भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले.

"पुली गळ्यात पडली," ते म्हणाले.

क्रम बदलायला दोन दिवसांची मुदत होती. मी तिथल्या तिथे वेल्डरकाकांच्या मुलीचा लॅपटॉप आणला, सरकारी कॉलेज सातव्यावरून उचलून पहिल्यावर ठेवलं. फोन वाजला. बाबांनी कॅलेंडरवरची नजर न हलवता बटण सोडलं आणि हात मागे करून फोन माझ्यापुढे धरला. "तूच बघ काय आकडा आलाय. माझ्याजवळ चष्मा नाही."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

अंतिम यादीत सरकारी कॉलेज मिळालं. बाबा मला वसतिगृहात पोचवायला आले आणि आल्यापासून त्यांनी कौतुकाचा सपाटा लावला. खाटेचं केलं, कपाटाच्या कडीचं केलं, नळाला पाणी जोरात येतं म्हणून नळाचं केलं. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो तुमची." बाबा खिडकीचा खटका वरखाली करत म्हणाले, "ठीक आहे. काही विशेष नाही. खटका मात्र झकास आहे."

आल्यापासून त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. हे लक्षात आलं आणि माझा सगळा राग विरघळला. इतकी वर्षं येता-जाता हा धंदा बघितला, आणि मला एवढी साधी गोष्ट कळली नव्हती.

फाटकापाशी "बरं, निघतो" म्हणत त्यांनी पाठ फिरवली. मी मनात पावलं मोजत उभी राहिले. बरोबर दहा पावलांवर ते थांबले, परत आले, आणि फाटकाचं बिजागर निरखत, उगीच विचारल्यासारखं म्हणाले,

"रविवारी सुट्टी असते ना गं?"